आत्मविश्वास : दहापैकी चार

औसा तालुक्यातल्या एका पापडवाल्या मावशींचा आत्मविश्वास घसरला आहे. उद्योजकता प्रशिक्षणाआधी तो दहापैकी आठ होता, प्रशिक्षणानंतर चारवर आला. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या लातूरच्या ऑफिसापासून साता समुद्रापलीकडच्या मुख्यालयापर्यंत एकच धावपळ उडाली. निधी आला होता उद्योजकता रुजवायला, आणि इथे तर होती तीही वाळली!

मावशींना विचारायचं कुणाला सुचलं नाही. चहावाल्या पोऱ्याने विचारलं. "आदी वाटायचं धंदा जोरात हाय," मावशी म्हणाल्या. "तुमच्या मॅडमनीच शिकविलं, आपल्या मेहनतीचा रोज बी खर्चात धरायचा मनून. धरला. आता कळलं, पापड लाटण्यापरीस दुसऱ्याच्या सोयाबीनमधी खुरपाया गेलेलं परवडतंय."

म्हणजे अख्ख्या वर्गात हिशेब एकट्या मावशींना समजला, आणि नापासही त्याच झाल्या. मागच्या रांगेत तिन्ही दिवस डुलक्या काढणाऱ्या बाई मात्र सहावरून नऊवर गेल्या. अहवालाच्या मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो आहे.

पण मूल्यमापनवाले हार मानणारे नव्हेत. त्यांनी तोडगा काढला : आकडा चुकलेला नाही, प्रश्न विचारण्याची वेळ चुकली. आता मावशींना विचारायचं, 'आज मागे वळून पाहता, तेव्हा तुमचा आत्मविश्वास खरा किती असायला हवा होता?' मावशी म्हणाल्या, "तवा मला काय कळत हुतं? दोन लिव्हा." लिहिले दोन. तेव्हा दोन, आता चार. शंभर टक्के वाढ! धंदा तोच, तोटा तोच, पापडही तेच. फक्त भूतकाळ दुरुस्त केला आणि प्रकल्प यशस्वी झाला. हा विनोद मी रचलेला नाही बरं का. मागे वळून 'आधीचा' आकडा विचारण्याची ही पद्धत मूल्यमापनाच्या शास्त्रात रीतसर मान्य आहे. उद्योजकता प्रशिक्षणांवर जगभर जे कसोशीचे अभ्यास झाले, त्यांतल्या बहुतेकांतून निघतं एवढंच की वही ठेवायची सवय थोडी लागते. नफा वाढला का, हे बहुतेक वेळा छातीठोक सांगता येत नाही. आत्मविश्वास बरा, त्याची पावती मागता येत नाही.

मूल्यमापनाच्या त्या जाडजूड फॉर्ममध्ये उधारीवर एक प्रश्न नाही. एक! नांदेडचा किराणा दुकानदार पापड आज ठेवून घेतो आणि पैसे 'दिवाळीनंतर बघू' म्हणतो. बचत गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र दिवाळी बघत नाही. 'तुमच्या मालाची किंमत तुम्ही ठरवा' हा म्हणे दुसऱ्या दिवसाचा धडा. कुणाला सांगताय? 2024 साली सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये, आणि लातूरच्या आडतीवर चार हजारांच्या आसपास माप घालून लोक मुकाट घरी आले. त्यांच्या बायकांना किंमत ठरवायला शिकवता? तिसऱ्या दिवशी 'जोखीम'. ज्या लातूरने 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यालं, तिथल्या बाईला जोखीम समजावून सांगायची, तीही वातानुकूलित हॉलमध्ये, बाटलीबंद पाण्याचे घोट घेत! फी द्याल तर तीच तुमची शिकवणी घेईल. शिकवण्या हा लातूरचा खरा चालणारा धंदा. त्याला परदेशी निधी लागला नाही.

असो. प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात फॉर्ममधून आकडेच काढून टाकलेत, कारण 'लाभार्थींना ते अवघड जातात'. रोज ज्या बाया व्याज तोंडी काढतात, त्यांना दहापर्यंतचे आकडे अवघड! आता पाच चेहरे छापलेत, ढसाढसा रडणाऱ्यापासून खदखदा हसणाऱ्यापर्यंत. मुखेडच्या गटात परवा फॉर्म वाटले. बायांनी आधी आपसात खलबतं केली. हसऱ्यावर खूण केली तर कर्जवाला म्हणणार धंदा चाललाय, हप्ता वाढवा. रडक्यावर केली तर पुढच्या यादीतून नाव कट. सगळ्यांनी मधल्या मख्ख चेहऱ्यावर खूण केली आणि शिऱ्याचं वाटप सुरू झालं. अहवालात लिहिलंय : परिस्थिती स्थिर, तिसऱ्या टप्प्यास भरपूर वाव.