तत्रैव सर

आमच्या कॉलेजात अफवा स्टाफरूमच्या दारापर्यंत येते आणि तिथंच मरते. दाराजवळच्या खुर्चीत तत्रैव सर बसलेले असतात. "महागाई भत्ता वाढला म्हणे," असं कुणी म्हणालं, की सर चष्म्यावरून बघतात. "म्हणे म्हणजे कोण म्हणे? तारीख? आवृत्ती? पान?" सांगणाऱ्याचा चेहरा उतरतो. भत्ता खरंच वाढलेला असतो, पण पान क्रमांकाअभावी आम्ही तो दोन दिवस साजरा करत नाही.

नाव अर्थातच पोरांनी ठेवलेलं. प्रबंधात एकाच ग्रंथाचा किंवा लेखाचा संदर्भ लागोपाठ आला, की पुन्हा सगळं रामायण न लिहिता खाली 'तत्रैव' लिहितात. सरांना हा शब्द इतका आवडतो, की तो तळटिपेतून वर चढून त्यांच्या बोलण्यात आला आहे. एकदा त्यांच्या घरी बसलो होतो. काकूंनी आतून विचारलं, "आज भाजी काय करू?" सर कात्रणातून मान न काढता म्हणाले, "तत्रैव." काकू दारात आल्या नि मला म्हणाल्या, "पाह्यलं न भाऊ? चार दिवसांपासून आलू-वांगंच खाऊन राह्यलो आमी. मूळ संदर्भ सोमवारचा हाये."

सरांचं घर बुलढाण्यात, आणि इथूनच त्यांच्या दुखण्याला सुरुवात होते. कारण काही पेपर 'बुलडाणा' लिहितात, काही 'बुलढाणा'. शीर्षक जसं छापलं तसंच उतरवायचं हा सरांचा धर्म, त्यामुळे त्यांच्या सूचीत आपलाच जिल्हा दोन ठिकाणी येतो आणि दोन्ही जागी 'तिकडे पहा' अशी पाटी असते. एका बाहेरच्या परीक्षकानं त्यातल्या निम्म्या नोंदींवर शुद्धलेखनाच्या चुका म्हणून गोल केले होते. सरांनी त्याला पाच पानी पत्र पाठवलं. त्यातली दोन पानं पत्र होतं, तीन पानं तळटिपा.

कात्रणांची दोन लोखंडी कपाटं आहेत. एकावर 'घाटावर', दुसऱ्यावर 'घाटाखाली' असं खडूनं लिहिलंय. आमच्या जिल्ह्याची ही नैसर्गिक फाळणीच आहे, पण सरांचं कारण वेगळं. एकाच दिवशी एकाच पेपरच्या दोन आवृत्त्यांत तीच बातमी एकीकडे पान 3 वर नि दुसरीकडे पान 5 वर असू शकते. कधी मथळाच बदलतो. "म्हणून दैनिकाचा संदर्भ देताना तारखेसोबत आवृत्ती लिहा," हे ते नव्या प्राध्यापकाला रुजू होण्याच्या दिवशी सांगतात. त्याला अजून मुतारी कुठं आहे हेही कळलेलं नसतं.

पोरांना समजावण्याची त्यांची पद्धत सोपी आहे. "संदर्भ म्हणजे पत्ता रे बाबू. पोस्टमन पोचला पाहिजे. दैनिक असलं तर तारीख, आवृत्ती, पान. मासिक असलं तर महिना नि पान. संशोधन पत्रिका असली तर वर्ष, अंक, पृष्ठं इथून तिथपर्यंत. नुसतं 'लोकसत्ता' लिहिलंस म्हणजे पाकिटावर 'मुंबई' लिहून पेटीत टाकलंस."

तरी पोस्टमन भरकटतोच. एका पोरानं एका त्रैमासिकावरचं 'वर्ष 41, अंक 2' बघून कंसात 1941 ठोकून दिलं. सर म्हणाले, "1941 मध्ये या लेखकाचा बाप शाळेत होता." दुसऱ्यानं लोणारचं सरोवर सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी झालं असं लिहून खाली संदर्भ दिला, 'एक वृत्तपत्र'.

"एक वृत्तपत्र?" सर उठून उभे राहिले. "एक म्हातारी जंगलात राहत होती, तसं?"

मग त्यांनी घाटावरचं कपाट उघडलं. उल्का बेसॉल्टवर आदळून हा खड्डा झाला हे मांडणारा 'सायन्स'मधला 1973 चा लेख, खंड 180, पृष्ठं 862 ते 864. नंतर पन्नास-बावन्न हजार वर्षं वय सांगणारी कात्रणं, इतकी की पोरगं त्यांच्यामागं दिसेना. आणि शेवटी 'जिऑलॉजी'चा 2011 चा, खंड 39 मधला लेख, ज्यात फ्रेड जुर्दां आणि सहकाऱ्यांनी आरगॉनच्या मोजणीवरून हेच वय सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं काढलंय.

"पाह्य," सर म्हणाले, "एका लेखानं सरोवर पाच लाख वर्षांनी म्हातारं झालं. आपल्या पेपरांना अजून खबर नाही, ते त्याचा जुन्याच वयाचा वाढदिवस करून राहिले."

पोरगं चाचरत म्हणालं, "सर, दोन्ही वयं लिहू का?"

"लिही. पण कोण म्हणतं तेही लिही. उद्या भांडण झालं तर तुझ्या दारात कोणी आलं नाही पाहिजे."

जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सरांनी टाळेबंदीतही शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पेपर गोळा केले. कुणी शेवाळ म्हणत होतं, कुणी आणखी काही. पुढं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं खारात वाढणारे सूक्ष्मजीव सांगितले. त्या दिवशी सरांनी आधीच्या कात्रणांपैकी एकही फेकलं नाही. "चुकीचीही तारीख असते," म्हणाले.

एका बाबतीत मात्र सरांचा संयम सुटतो. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2010 मध्ये पदोन्नतीसाठी गुणांचं कोष्टक आणलं आणि गावोगावी 'आंतरराष्ट्रीय' संशोधन पत्रिका उगवल्या. आमचे एक सहकारी अशाच एका पत्रिकेत पैसे भरून लेख छापून आले नि पेढे घेऊन आले. पत्रिकेचा पत्ता तालुक्याच्या गावचा, मोबाइल नंबर संपादकाच्या मेव्हण्याचा.

"आंतरराष्ट्रीय कशावरून?" सरांनी विचारलं.

"सल्लागार मंडळात एक नेपाळचे आहेत. आणि आयएसएसएन आहे की!"

"आयएसएसएन हा आठ आकडी नंबर आहे. गाडीला नंबर मिळाला म्हणजे ड्रायव्हरला गाडी येते असं नाही." पेढा मात्र सरांनी घेतला. मे 2018 मध्ये यूजीसीनं आपल्या मान्य पत्रिकांच्या यादीतून 4,305 पत्रिका एका फटक्यात काढल्या तेव्हा स्टाफरूममध्ये सुतक होतं. सरांनी ती बातमी कापली, लाल शाईनं तारीख घातली आणि घाटावर लावावी की घाटाखाली, या विचारात दुपार घालवली. तिच्या जागी पुढं आलेली 'केअर' यादीही फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. तिचं कात्रण त्याच पाकिटात गेलं.

आता शेगावची गोष्ट सांगितलीच पाहिजे. अमरावतीहून पेपर तपासून आम्ही बडनेऱ्याहून मलकापूरकडं निघालो होतो. शेगावला गाडी थांबली, मी खाली उतरून कचोऱ्या घेतल्या. सरांनी कचोरी माझ्या हातावर ठेवली आणि तिच्याखालचा कागद वाचायला घेतला. भेंडवळच्या घटमांडणीची बातमी होती.

जळगाव जामोद तालुक्यातलं हे भेंडवळ सरांच्या अभ्यासाचा विषय. अक्षय्य तृतीयेला शेतात घट आखून अठरा धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याचा करवा, राजाचा पानविडा. रात्रभर तिथं कुणी फिरकत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं ते बघून वर्षाचं भाकीत. सरांना भाकीत खरं की खोटं यात रस नाही. त्यांना रस बातमीत. पाऊस सर्वसाधारण, अमुक पिकावर रोग, राजा कायम. वर्षं बदलतात, बातमी फारशी बदलत नाही.

आणि घोळ तोच होता. हातातल्या तेलकट तुकड्यावर तारीख नव्हती. मजकुरावरून वर्ष कळणं शक्य नव्हतं, ती कुठल्याही वर्षी शोभली असती. सरांनी कागद उलटला. मागं सरकी-ढेपेचे भाव, एका कोपऱ्यात 'प्रथम पुण्यस्मरण'. "मिळालं!" सर ओरडले. समोरच्या बाई दचकल्या. "मृत्यू कधीचा ते वाचा. त्यात एक वर्ष मिळवा." पण त्या माणसाच्या मृत्यूच्या सालावर नेमकी कचोरी ठेवली होती. तेलात फोटोतला फेटा तेवढा शाबूत होता.

"उतरा," सर म्हणाले. "बाकीचा पेपर त्याच्याकडंच असेल."

मी धावलो. विक्रेत्यानं रद्दीच्या गठ्ठ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काहून साहेब, कचोरी बिघडली का?"

"नाही, कागद पाहिजे."

"आँ? लोक कचोरी खातात, तुमी कागद खाऊन राह्यले का?"

गाडी हलली. हाताला लागले तेवढे कागद घेऊन मी डब्यात उडी मारली. त्यात तो पेपर नव्हता. सरांनी मलकापूरपर्यंत सगळे तुकडे वाचले आणि मधे एकदाच मान वर करून म्हणाले, "कचोरी चांगली होती का?" त्यांची कचोरीही मीच खाल्ली होती.

त्या तुकड्याचा संदर्भ त्यांच्या लेखात आहे. 'दैनिक (नाव अज्ञात), दिनांक अज्ञात, पृष्ठ अज्ञात. शेगाव रेल्वे स्थानक, फलाट क्र. 1 वर प्राप्त.' हा लेख भेंडवळच्या बातम्यांच्या भाषेवरचा, सरांनी आयुष्यात छापलेला एकमेव. एका मराठी नियतकालिकाच्या जोडअंकात आला. जोडअंक असल्यामुळे त्याला दोन अंक क्रमांक, आणि सरांनी तेव्हापासूनच भविष्यातल्या संशोधकांची काळजी करायला सुरुवात केली होती. संशोधक काही आले नाहीत. वर्षं गेली.

मागच्या महिन्यात 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर काहीतरी चाळताना एका नव्या प्रबंधात मला सरांचं नाव दिसलं. पान छापून मी स्टाफरूममध्ये नेलं. सरांनी ते दोन्ही हातांत धरलं. आडनाव बरोबर, नाव बरोबर, शीर्षक बरोबर. मी जपूनच म्हणालो, "सर, पृष्ठ क्रमांक चुकलाय. 45 चं 54 झालंय."

लाल पेन खिशात होतं. मी वाट बघत होतो.

"जोडअंक लिहिलंय त्यानं," सर म्हणाले. "पाह्यलं का? अंक 3-4. मधे छोटी रेघ दिलीय."

मग त्यांनी माझ्याकडं पेन्सिल मागितली, कागदाच्या कडेला तारीख घातली आणि कागद कपाटात न ठेवता घडी करून खिशात ठेवला. काकूंना दाखवायचा होता.