चावी थोडी डावीकडे

आमच्या घरात १९८९ सालची, शंभर सीसीची एक मोटरसायकल आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. पस्तीस वर्षं इमानाने चाललेल्या गाडीची गाऱ्हाणी चारचौघांत मांडायची, तर निदान आडनाव तरी झाकावं.

ही गाडी चालू करायची म्हणजे चावी घालून उजवीकडे फिरवायची, एवढं कुणीही सांगेल. पुढचं शास्त्र मात्र आमच्या घराण्यात तोंडी चालत आलेलं आहे. चावी पूर्ण आत गेली की केसभर मागे घ्यायची. मग फिरवायची. मग अंगठ्याने थोडी डावीकडे कलती करायची आणि तो कल न मोडता किक मारायची. कल कमी पडला तर इंजिन दोनदा खोकून गप्प होतं. जास्त झाला तर इंजिन चालतं, पण हॉर्न जातो. म्हणजे गाडी चालवायची की हॉर्न वाजवायचा, यातलं एकच काहीतरी निवडा, असा तो पेच. पुण्यात राहणाऱ्या माणसाला हा निर्णय किती जड जात असेल, ते सांगायला नको.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हे मला शिकवलं तेव्हा मी अकरावीत होतो. मी ते बायकोला शिकवायला गेलो तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "गाडी चालू करायचीय की तिजोरी फोडायचीय?" आणि ती स्कूटर घेऊन निघून गेली. एकदा शेजारच्या मुलाने "काका, दहा मिनिटांत आलो" म्हणून चावी नेली. दहा मिनिटांत तो आला खरा, पण घामाघूम होऊन, आणि गाडी जिथल्या तिथे. "काका, तुमची गाडी बंद पडलीय." मी खाली गेलो, अंगठा ठेवला, किक मारली. त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले, तसे माझ्याकडे बघताना माझ्या स्वतःच्या मुलाच्या चेहऱ्यावर कधी उमटलेले नाहीत.

खरं तर चावीत चावीपण असं काही उरलंच नव्हतं. दात झिजून तिची पट्टी दातकोरण्यासारखी गुळगुळीत झाली होती. कपाटाची चावी घातली तरी ती फिरायची. आणि फिरल्यावर गाडी मात्र चालू व्हायची नाही, कारण खरं कुलूप आता अंगठ्यात होतं.

जुन्या गाड्यांची ही जातच तशी. म्हैसूरला बनणारी जावा, तीच १९७३ नंतर येझदी झाली, तिची चावी पाहिलेली माणसं अजून आहेत. हेडलाइटच्या डोक्यावर खुपसायची ती खिळ्यासारखी चिमुकली वस्तू. खिळ्यासारखी म्हणजे किती, तर खरोखरच्या खिळ्यावर आम्ही गाडी चालवलीय, असं शपथेवर सांगणारे येझदीवाले प्रत्येक गावात दोन-तीन तरी भेटतातच. बुलेटचं आणखी वेगळं. माझ्या एका मामांची होती. मामा आधी चावी फिरवत, मग किक हळूहळू दाबत ॲमीटरकडे टक लावून बसत. काटा वजाकडून मध्यावर आला की डीकंप, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका, दाबून किक जराशी पुढे सरकवायची, आणि मग देवाचं नाव घेऊन एकच लाथ. आम्ही पोरं हे सगळं ओट्यावर रांगेत बसून, श्वास रोखून बघायचो. आताच्या गाडीला बटण दाबलं की झालं. बघायला कोण बसणार?

पण अंगठ्यालाही वय असतं आणि स्विचलाही. आतल्या पितळी पट्ट्या झिजतात, त्यांच्यावर काजळी धरते, ग्रीस वाळून त्याची चिक्की होते, स्प्रिंग मऊ पडते. गाडी खड्ड्यात गेली की बंद पडू लागली. म्हणजे पुण्यात ती साधारण दर चाळीस फुटांवर बंद पडू लागली. एका संध्याकाळी अलका टॉकीजच्या चौकात, सिग्नल हिरवा असताना, मागे बस, पुढे रिक्षा आणि माझा अंगठा चावीवर, अशा अवस्थेत मी सलग अकरा किका मारल्या. बाराव्या किकेला मी ठरवलं, स्विच बदलायचा.

आमच्या उस्तादांनी टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे इंडिकेटरचा एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. मल्टिमीटर त्यांच्याकडेही आहे, पण तो भिंतीवर फोटोसारखा टांगलेला असतो. त्यांनी चावी हलवली, बल्ब लुकलुकला. "साहेब, स्विच गेला. लॉक सेटच आणा."

लॉक सेट आणायला पुण्यात नाना पेठेत जायचं. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत एक क्रियापद ऐकू येतं, ज्यावर आपल्या व्याकरणकारांनी म्हणावं तसं लक्ष दिलेलं नाही. ते म्हणजे 'बसतो'. "हे मॉडेल बंद झालं हो. पण हा बसतो." बसतो म्हणजे थेट बसतो असं नव्हे. म्हणजे थोडं घासावं लागेल. एक भोक वाढवावं लागेल. कपलर जुळणार नाही, तो कापून वायरी जोडाव्या लागतील. पण मग बसतो. मी विचारलं, "ह्याच गाडीचा आहे ना?" दुकानदार म्हणाला, "ह्याच गाडीला बसतो." स्थळ सुचवणारी मंडळीही साधारण ह्याच अर्थाने 'जुळतं' म्हणतात.

शिवाय माझ्या गाडीचा पूर्ण लॉक सेट मिळेना. मिळाला तो नुसता चावीचा स्विच. म्हणजे आता पेट्रोलच्या टाकीची चावी जुनी, स्टिअरिंग लॉकची त्याहून जुनी आणि स्विचची नवी. घरी आलो तेव्हा खिशात जुडगा असा वाजत होता, की जणू वाड्याचा कारभार माझ्याकडे आला.

उस्तादांनी तो बसवला. घासला, भोक वाढवलं, कपलर कापला, वायरी पिळून वर टेप मारली. मी नवी चावी घातली, फिरवली. अंगठा सवयीने डावीकडे गेला, त्याला तिथे काही सापडलं नाही. पहिल्या किकला गाडी चालू. हॉर्नही वाजतोय, इंडिकेटरही लागतोय. मी कृतार्थ होऊन चावी बंद केली.

गाडी चालूच.

चावी काढून खिशात घातली. गाडी चालूच. मी उस्तादांकडे पाहिलं, उस्तादांनी हाताखालच्या बारक्याकडे पाहिलं, बारक्याने गाडीकडे पाहिलं. ती अगदी मजेत ठकठकत होती. शेवटी उस्तादांनी ब्रेक दाबून, चौथा गिअर टाकून क्लच सोडला, तेव्हा एक आचका देऊन थांबली.

मग कळलं ते असं. घरातला दिव्याचा स्विच बंद केला की वीज तुटते. पुष्कळशा मोटरसायकलींत इंजिनचंही तसंच असतं: बॅटरीचा करंट चावीतून पुढे जातो, चावी बंद की करंट बंद. पण आमची गाडी मॅग्नेटोवाली. तिच्या प्लगची ठिणगी बॅटरीवर नसतेच. इंजिन फिरतंय तोवर ते आपली वीज आपणच करत राहतं. तिथे चावी 'बंद' करणं म्हणजे ती वीज तोडणं नव्हे, तर तिला एका वायरीतून बॉडीत, म्हणजे अर्थला उतरवून देणं. प्लगपर्यंत पोचायच्या आतच तिला दुसरी वाट दाखवायची. अशा गाडीचा स्विच 'चालू' असतो तेव्हा ती वायर मोकळी असते, आणि 'बंद' असतो तेव्हा जोडलेली. नवा स्विच बॅटरीवाल्या जातीचा होता. त्याला ती वायर काय करायची तेच माहीत नव्हतं, म्हणून उस्तादांनी ती नीट टेप मारून बाजूला ठेवून दिली होती. आपली इतक्या वर्षांची खड्ड्यांतली दुखणी काय होती, तेही मला तिथेच उमगलं. गाडी बंद 'पडत' नव्हती. तिची ती वायर झिजक्या स्विचात धक्क्यासरशी अर्थला टेकत होती, आणि गाडीला वाटत होतं, मालकाने बंद केलं. ती बिचारी आज्ञा पाळत होती आणि मी तिला अलका चौकात शिव्या घालत होतो.

पुन्हा नाना पेठ. ह्या वेळी जुना स्विच बरोबर नेला. दुकानदाराने तो उलटासुलटा करून वायरींचे रंग पाहिले आणि म्हणाला, "मग आधी सांगायचं ना, मॅग्नेटोवाली आहे." दुसरा काढला. "हा बसतो."

स्विच बदलताना उस्तादांना दिसलं, की हँडलखाली वायरींचं प्लास्टिक एका ठिकाणी वितळून एकमेकांना चिकटलंय. "फ्यूज असताना एवढं कसं वितळलं?" म्हणून त्यांनी साइड कव्हर उघडलं. आता फ्यूज ह्या वस्तूचं काम एकच. कुठे शॉर्ट झाला की सगळ्यांच्या आधी आपण जळायचं. एडिसनने त्याचं पेटंट १८९० साली घेतलं, आणि तेव्हापासून माणूस त्या फ्यूजला जळू न देण्याच्या युक्त्या शोधतोय. चाळीत वीज गेली की चिनी मातीचं किटकॅट उपसून त्यात फ्यूजच्या तारेऐवजी जाडजूड तांब्याची तार गुंडाळणारे एक काका असायचेच. "आता बघतो कसा जातो ते," म्हणायचे. खरंच, पुढे फ्यूज जायचा नाही. एखाद्याचा पंखा जायचा.

आमच्या गाडीला फ्यूज एकच, काचेच्या नळीतला, दहा अँपिअरचा. तो बॅटरीजवळ प्लास्टिकच्या डबीत असतो. डबीवर टेपचे सात थर होते. उस्तादांनी कांदा सोलावा तसे ते सोलले. आतला फ्यूज कधीच उडालेला होता आणि त्याच्याभोवती चंदेरी कागद घट्ट गुंडाळलेला होता. उस्तादांनी तो चिमटीत धरला, उलगडला, नाकाशी नेला.

"सिगारेटच्या पाकिटातली चांदी आहे, साहेब."

असा कागद किती अँपिअरला वितळतो, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. त्यावर वैधानिक इशारा वेगळ्याच गोष्टीचा असतो. माझ्या डोक्यात मात्र दुसराच हिशेब सुरू झाला होता. मी सिगारेट ओढत नाही. ही गाडी अण्णांनी नवी घेतली, १९८९ साली. आणि अण्णांनी सिगारेट सोडली ती १९८६ साली, माझ्या बहिणीचा जन्म झाला त्या दिवशी, आईच्या देखत. ही गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला एकदा तरी सांगितली जाते.

उस्तादांनी काचेच्या फ्यूजची डबी काढून मोटारींत असतो तसला चार घरांचा फ्यूज बॉक्स बसवला. त्यात पात्याचे रंगीत फ्यूज लागतात: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. मी कागदावर हिशेब मांडला. दोन इंडिकेटर दहा-दहा वॅटचे, बॅटरी बारा व्होल्टची, म्हणजे पावणेदोन अँपिअरही नाही. तिथे पाचचा पुरे. उस्ताद ऐकून घेत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी चारही घरांत लाल घातले. "चौथं कशाला?" "राहू द्या. उद्या मोबाइलचं चार्जिंग लावाल." हेडलाइटला फ्यूज नाहीच, तो थेट मॅग्नेटोवर चालतो. म्हणून तर सिग्नलला उभं राहिलं की तो डोळे मिटतो आणि ॲक्सिलरेटर दिला की जागा होतो. २०१७च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचे हेडलाइट दिवसाढवळ्याही आपोआप जळत असतात. आमचा हेडलाइट अजून जुन्या सरकारी नोकरीत आहे.

तो चांदीचा कागद मी घरी आणला. अण्णा गॅलरीत पेपर वाचत होते. शेजारी आई मटार सोलत होती. मी काही न बोलता कागद पेपरवर ठेवला. अण्णांनी तो चष्मा वर करून पाहिला, मग चष्मा खाली करून पाहिला.

"फ्यूजमध्ये होता," मी म्हणालो.

"असेल," अण्णा म्हणाले. "उस्तादाने लावला असेल. तो तेव्हा ओढायचा."

"उस्तादांकडे गाडी २००४ पासून जाते, अण्णा."

आईने मान वर केली नाही. एक शेंग फोडली, दाणे पातेल्यात टाकले आणि म्हणाली, "त्या गाडीच्या टूलबॉक्समध्ये कायम बडीशेपेची पुडी असायची. ती पान्यांना खायला घालत होते का?"

अण्णांनी पेपराची घडी केली. बऱ्याच वेळाने त्यांनी हात पुढे केला. "नवी चावी दे बघू. एक चक्कर मारून येतो."

"आता कलती करावी लागत नाही," मी मागून ओरडलो. ते जिना उतरले होते. खाली किकचा आवाज आला. पहिल्या किकला इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. बहुतेक अंगठा डावीकडे गेला असणार. मग दुसरी किक बसली. गाडी फाटकाबाहेर गेली, आणि कोपऱ्यावर, समोर कुणी नसताना, हॉर्न वाजला.