गिनीपिगचे बाबा

हे गृहस्थ बँकेत नाहीतर आयटीत असतात. जन्मात कधी कोथिंबीर निवडलेली नसते. मेथी आणायला पाठवलं तर शेपू घेऊन घरी येणारे. मुलीनं हट्ट धरला म्हणून घरात गिनीपिग येतो, शाळा सुरू झाली की मुलीचा उत्साह ओसरतो आणि प्राणी बाबांच्या गळ्यात पडतो. तेव्हापासून बाबा मंडईत जुडी उलटीपालटी करून आत लपलेली सडकी काडी शोधताना दिसतात. भाजीवाल्या मावशी ‘सशाला घ्या, काका’ म्हणत फ्लॉवरचा पाला फुकट पुढे करतात, तेव्हा ‘ससा नाही हो, गिनीपिग’ अशी दुरुस्ती करून तो पाला ते नम्रपणे परत ठेवतात. सोसायटी हसते. हसणारे चुकतात असं माझं म्हणणं आहे. आहाराचा हिशेब कळलेला त्या घरात तेवढा एकच माणूस आहे, आणि त्याची शिकवणी घेतली आहे एका किलोभर वजनाच्या प्राण्यानं.

पुरावा जुना आहे. 1907 साली नॉर्वेत अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिख यांनी बेरीबेरीचा छडा लावायला गिनीपिगना नुसतं धान्य खायला घातलं. जनावरांना झाला भलताच रोग, स्कर्व्ही. कारण क जीवनसत्त्व गिनीपिगला शरीरात तयार करता येत नाही. ते माणसालाही येत नाही. कुत्र्याला, मांजराला आणि गटारातल्या उंदरालाही येतं. पुढे हंगेरीत सेंट-ग्यॉर्गी यांनी हे जीवनसत्त्व गिनीपिगवरच पारखलं, सेगेड गावच्या मिरचीतून ते भरपूर काढलं आणि 1937 साली नोबेल पटकावलं. तेव्हा बाबा ढोबळीच्या बिया काढून पातळ फोडी करतात, त्याला थोर परंपरा आहे. निरोगी गिनीपिगला रोज किलोमागे साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं आणि 100 ग्रॅम हिरव्या ढोबळीत ते सुमारे 80 मिलिग्रॅम असतं. दोनतीन फोडींत काम भागतं. पाकिटातल्या तयार गोळ्यांत हे जीवनसत्त्व घातलेलं असतं हे खरं, पण पाकीट महिनोन्महिने पडून राहिलं की ते उडून जातं. बाबा म्हणूनच पाकिटावरची तारीख वाचतात. स्वतःच्या बिस्किटांवरची कधी वाचली नव्हती.

‘जनावराला उपजत कळतं, एवढी नाटकं कशाला?’ हा शेजाऱ्यांचा मुख्य आक्षेप. अर्धाच खरा. नवी भाजी दिसली की गिनीपिग संशयानं हुंगतो आणि पाठ फिरवतो. काकडीची फोड आठवडाभर नाकारून आठव्या दिवशी निमूट खाणारे महाभाग असतात. पण एकदा चटक लागली की थांबणं त्याला कळत नाही, आणि त्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलं ते पुढंच जाणार. आतले जंतू गवतावर पोसलेले. त्यांच्यावर अचानक ताटभर पाला लोटला की पोट फुगतं नाहीतर जुलाब होतात. म्हणून नियम असा: एका वेळी एकच नवी भाजी, नखाएवढा तुकडा, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या तपासायच्या. घट्ट, लांबट, एकसारख्या असल्या तर तुकडा थोडा मोठा. सकाळी चहाच्या आधी हातात टॉर्च घेऊन पिंजऱ्यापुढे उकिडवे बसलेले बाबा हास्यास्पद दिसतात, हे मान्य. पण पोटच्या पोराला डब्यात रोज काय जातं आणि त्यातलं काय परत येतं, हे इतक्या बारकाईनं किती घरांत पाहतात?

बाबा चुकतात ते वेगळ्याच ठिकाणी. प्रेमाला ताट वाढायची हौस असते. रोज पाच रंगांचं ताट मांडायचं, फोटो काढायचा, फ्रीजचं दार वाजताच उठणाऱ्या शिट्टीला भुलून पुन्हा चार पानं टाकायची. या प्राण्याचं मुख्य जेवण मात्र सुकं गवत. पाचांतले चार घास त्याचेच हवेत. दात जन्मभर वाढतात आणि ते झिजतात गवत चावून. लाडक्यापुढे वाळलेल्या काड्या टाकायला बाबांचा हात धजत नाही, एवढाच काय तो दोष. (पेरू देशात याला भाजून खातात, हे ऐकवणाऱ्या मेव्हण्याकडे दुर्लक्ष करणंच बरं.)

गावाला जायची वेळ आली की प्राणी सासूबाईंकडे आणि यादी त्यांच्या फ्रीजवर. कांदा नाही, लसूण नाही, शिजवलेलं काही नाही. इथवर सासूबाई खूश: चातुर्मास पाळतो बिचारा. बटाटाही नाही म्हटल्यावर मात्र त्या अडतात. उपासाला चालतो तो बटाटा याला का चालू नये? बाबा स्टार्च सांगतात, हिरवट सालीतलं सोलानिन सांगतात. पटत नाही. शेवटी ‘डॉक्टरांनी नको म्हटलंय’ एवढं पुरतं.