दर्शनी भागाची हौस

संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जी चिन्हे, खिडक्या आणि खालची पट्टी दिसते, त्या सर्वांना मिळून तंत्रज्ञ ‘शेल’ म्हणतात. यंत्राच्या पोटातील कारभार आणि वापरणाऱ्याचे बोट यांच्यामधला तो दर्शनी भाग होय, आणि विंडोजमध्ये १९९५ पासून हे काम ‘एक्सप्लोरर’ मुकाट्याने करीत आला आहे. मुकाट्याने चाललेले काम माणसाला पाहवत नसल्यामुळे त्यावर आपल्या आवडीचा साज चढवणारी साधने निघाली. २००१ साली अवतरलेले ‘रेनमीटर’ हे त्यांपैकी विनामूल्य, मुक्तस्रोत आणि कदाचित म्हणूनच सर्वांत वेळखाऊ साधन आहे.

दर्शनी भागाचा विचार जयपूरइतक्या गांभीर्याने फार थोड्या शहरांनी केला असेल. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये शहराची आखणी आधी केली आणि माणसे मागाहून वसवली. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून सवाई रामसिंहांनी तटबंदीतल्या शहराला गुलाबी रंग दिला, म्हणजे एकच ‘थीम’ सर्वांना लागू केली आणि ती बदलण्याचे बटण रहिवाशांच्या हाती ठेवले नाही. १७९९ चा हवामहाल तर बहुतांशी दर्शनी भागच आहे: पाच मजले, ९५३ झरोके, वरचे तीन मजले जेमतेम एका दालनाच्या रुंदीचे, आणि रस्त्याच्या बाजूने दरवाजा नाही. मात्र त्याच्या झरोक्यांना काम होते. राजस्त्रियांना स्वतः न दिसता बाजार पाहता येत असे.

अशा शहरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेला मराठी गृहस्थ रेनमीटर बसवतो तेव्हा बसवण्याचा विधी चहा निवण्याआधी उरकतो आणि मांडणीचा सुरू होतो, जो उरकत नाही. पडद्यावर मांडायच्या प्रत्येक तुकड्याला ‘स्किन’ म्हणतात. ती मुळात साधी मजकुराची फाइल असल्यामुळे एक आकडा बदलला की घड्याळ डावीकडे सरकते, आणि स्वल्पविराम हरवला की रंग हरवतो. वसुलीला आलेल्या कारकुनाने वसुलीतूनच जेवण काढावे, तशी स्मृतीचा वापर दाखवणारी स्किन स्वतःही थोडी स्मृती खाते. ‘क्लिक थ्रू’ ही सोय निवडल्यास माउसची टिचकी स्किनच्या आरपार जाते. मग ती सोय रद्द करण्यासाठी उजवी टिचकी मारावी, तर तीही आरपार जाते. कंट्रोलची कळ दाबून धरल्यास स्किन पुन्हा हाती लागते, पण हे ज्ञान सहसा स्किन तीनदा काढून टाकल्यानंतर होते.

घड्याळाच्या बाबतीत जयपूरकरांना विशेष अडचण आहे. जयसिंहांच्या जंतरमंतर वेधशाळेतील सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत सूक्ष्म वेळ दाखवते, परंतु ती तेथील सूर्याची वेळ असल्यामुळे भारतीय प्रमाणवेळेहून सरासरी २७ मिनिटे मागे असते. या यंत्रावर मनगटी घड्याळ लावून घेणाऱ्याची गाडी चुकते. स्किनच्या फाइलीत वेळक्षेत्राचा आकडा ५.५ ऐवजी ५.०५ लिहिला की जयसिंहांची वेळ बहुतांशी पडद्यावर येते, आणि हा शोध लागलेला गृहस्थ दुसरे घड्याळ मांडल्यावाचून राहत नाही. तिसरे पुण्याचे असते, जरी ते पहिल्याशी तंतोतंत जुळते.

एवढी आरास ज्या पडद्यावर मांडली जाते, तो हिशेबाचा तक्ता किंवा पत्राचा मसुदा उघडताच पूर्ण झाकला जातो. सजवलेला पडदा त्यामुळे काम न करणाऱ्यालाच दिसतो, आणि कार्यालयात तो कोणाच्या पडद्यावर सतत दिसतो, हे साहेबांच्या ध्यानात यायला वेळ लागत नाही. तरीही ज्यांना हा उद्योग करायचाच आहे, त्यांनी मांडणी मनासारखी होताच ‘लेआउट’च्या पानावर तिला नाव देऊन ती जतन करून ठेवावी.