वाफेचं इंजिन बघायचं कसं? (नवशिक्यांसाठी)

सर्वप्रथम वय. नऊ ते बारा यांमधलं कुठलंही चालेल. त्याहून लहान असाल तर शिट्टी वाजली की रडू फुटतं आणि मोठे असाल तर लोक विचारतात, "कामधंदा नाही का?" साल १९७१ नंतरचं निवडा, पण फार नंतरचं नको. चित्तरंजनच्या कारखान्यातून वाफेचं शेवटचं इंजिन १९७२ साली बाहेर पडलं. तेव्हा घाई केलेली बरी.

गाव मिरज. दौंड, मनमाड, भुसावळकरांनी रागावू नये, पण एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ मिरजेत मिळतात. पुण्याहून येणारी ब्रॉडगेज, लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज आणि पंढरपूर, कुर्डुवाडी करत लातूर गाठणारी बार्शी लाइटची छोटी गाडी. ही छोटी गाडी कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली बार्शीसाठी सुरू केली, ती मिरजेला पोचली १९२७ साली. लेट होणं तिच्या रक्तातच आहे. रुळांमधली अंतरं अनुक्रमे १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर. हे आकडे घरी म्हणून दाखवू नका. लगेच तेराचा पाढा विचारतात.

साहित्यात खाकी चड्डी आणि खिसाभर शेंगदाणे. पांढरा शर्ट अजिबात नको. प्लॅटफॉर्म तिकीट साहित्यात धरलेलं नाही. मालधक्क्याकडचं कुंपण कुठे वाकलंय ते वर्गातलं कुणीही सांगेल. इंग्लंडातल्या पोरांना इयान ॲलन नावाच्या प्रकाशकाने १९४२ पासून इंजिनांच्या नंबरांची छापील पुस्तकं पुरवली. दिसलेल्या नंबराखाली रेघ मारायची, की झालं. आपण वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं. मास्तर ते पान उलटतातच, म्हणून वर 'सामान्यज्ञान' असं ठळक लिहून ठेवावं.

आता ओळख. इंजिनावरचं पहिलं अक्षर रुळाचं: ब्रॉडगेजला डब्ल्यू, मीटरगेजला वाय, छोटीला झेड. दुसरं कामाचं: पी म्हणजे पॅसेंजर, जी म्हणजे मालगाडी. पण अक्षरं वाचावी लागणं हे कच्चेपणाचं लक्षण. दांड्याने जोडलेली मोठी चाकं मोजा. एका बाजूला तीन असली तर वायपी, चार असली तर वायजी. मुरलेली मंडळी चाकंसुद्धा बघत नाहीत. ती गाडीकडे पाठ करून उभी राहतात आणि आवाजावरून सांगतात. मिरज हे सतारी-तंबोऱ्यांचं गाव, तेव्हा तुमचा कान तयार आहे असं इथे गृहीत धरलंय.

आवाजावर मात्र मेहनत घ्या. चाक एकदा पुरतं फिरलं की इंजिन चार वेळा फुसकारतं. गाडी सुटतानाचा पहिला फुसकारा आणि दुसरा यांच्या मधे एक शेंगदाणा सोलून खाता आला पाहिजे. दोन खाता आले तर गाडी जड आहे. काम करून झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते आणि जाताना भट्टीतून हवा ओढून नेते. त्यामुळे इंजिनाला जितके कष्ट जास्त, तितकी आतली आग भडकलेली. दमल्यावर जास्त पेटणारं असं तुमच्या घरात दुसरं काही नसेल. आजोबा असतील तर असतील. पावसाच्या पहिल्या भुरभुरीत रूळ निसरडे होतात, चाकं जागच्या जागी गरगरतात आणि फुसकाऱ्यांची एकदम लड लागते. ड्रायव्हर वाफ आवरतो, रुळावर वाळू सोडतो. या वेळी हसायचं नसतं. ड्रायव्हर नेमका तुमच्याकडेच बघत असतो.

सुटताना सिलिंडरमधलं साचलेलं पाणी काढायला खालच्या तोट्या उघडतात आणि दोन्ही बाजूंना वाफेचा लोट येतो. त्यात शिरायची हौस सगळ्यांना असते. पाच-सहा हात लांब राहून भागवा.

ड्रायव्हरशी थेट बोलू नये. आधी फायरमनकडे बघून हसायचं. ते विचारतील, "काय रे, शाळा नाही?"

"सुट्टी आहे, मामा."

"कसली?"

इथे बरेच जण गळतात. एकादशी सांगा. महिन्याला दोन येतात आणि शाळा कुठल्या एकादशीला बंद असते हे मामांना पाठ नसतं. (खऱ्या आषाढीला छोटी गाडी बघायला जाऊ नये. टपापर्यंत वारकरी बसलेले असतात, गाडी दिसतच नाही.) नशीब असेल तर "ये वर" म्हणतील. वर गेल्यावर कशालाही हात लावू नका, सगळंच तापलेलं असतं. भट्टीच्या दारावरच्या फळीवर चहाची किटली असते, तीसुद्धा. दार उघडलं की आग पांढरी दिसते, लाल नव्हे. चित्रकलेच्या तासाला हे सांगून उपयोग होत नाही. फायरमन कोळसा मधोमध ओतत नाही. मनगट वळवून तो आधी कोपऱ्यांत, मग कडेकडेने पातळ पसरतो. खोऱ्याचा दांडा नुसता उचलून बघा, म्हणजे मामांच्या दंडांबद्दल आदर वाटू लागेल.

रुळावर नाणं ठेवणं हा अभ्यासक्रमाबाहेरचा विषय आहे. ॲल्युमिनियमचे चौकोनी पाच पैसे पानाएवढे पातळ होतात, कडेला धार येते आणि दुकानदार घेत नाही. पाच पैशांचं नुकसान आहे, दुसरं काही नाही.

शेवटी डोळा. पुलावरून वाकून बघताना कोळशाची कणी जाणारच. चोळू नका. रुमालाचा बोळा करून त्यावर तोंडाची ऊब द्या आणि डोळ्याला शेक घ्या. रुमाल नसेल तर आईचा पदर, पण मग प्रश्न येतात. डोळा लाल का, याचं उत्तर 'डोळे आलेत' असं कधीही देऊ नका. दोन्ही डोळ्यांत थेंब घालतात, आठवडाभर घरात कोंडतात, आणि धाकटा भाऊ तुमची वही घेऊन स्टेशनवर जातो.