परवडणाऱ्या घराच्या वाटेवर : दादर ते अंबरनाथ

मराठी प्रवासवर्णनांच्या इतिहासात विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाला मानाचे स्थान आहे. पेण तालुक्यातील वरसईचे हे भटजी घरावरचे कर्ज फिटेल इतकी दक्षिणा मिळवावी या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. मुंबईत घर शोधणाऱ्या कुटुंबाचा प्रवासही उत्तरेकडेच होतो, कारण शहराच्या उरलेल्या तिन्ही दिशांना पाणी आहे. फरक इतकाच की भटजी कर्ज फेडण्यासाठी निघाले होते आणि हे कुटुंब कर्ज काढण्यासाठी निघते. या दुसऱ्या प्रकारच्या प्रवासावर मराठीत पुरेसे लेखन झालेले नाही, याचे कारण बहुधा असे की जे प्रवासी मुक्कामाला पोहोचतात, त्यांना त्यानंतर लोकलमध्ये लिहिण्यासाठी हात वर काढता येत नाही.

मुक्काम कोठे असावा हे ठरवण्यासाठी प्रथम 'परवडणारे घर' म्हणजे काय ते पाहणे आवश्यक आहे, आणि सुदैवाने ती व्याख्या सरकारने करून ठेवली आहे. वस्तू व सेवा कराच्या १ एप्रिल २०१९पासून लागू झालेल्या नियमांनुसार, मुंबई महानगर प्रदेशात ज्या घराचे चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाख रुपयांपर्यंत असेल ते परवडणारे घर होय, आणि बांधकाम चालू असताना ते घेतल्यास पाच टक्क्यांऐवजी एकच टक्का कर लागतो. चटई क्षेत्र, म्हणजे बाजारात ज्याला 'कार्पेट' म्हणतात ते, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळून, पण आतल्या भिंती धरून मोजतात; त्यामुळे भिंतीवर चटई अंथरता येत नसली तरी तिचे पैसे मात्र द्यावे लागतात. ६० चौरस मीटर म्हणजे सुमारे ६४५ चौरस फूट, आणि दोन्ही मर्यादा एकाच घरात गाठायच्या तर चौरस फुटाचा दर सात हजारांच्या आत हवा. हा आकडा प्रवाशाने लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा प्रवास म्हणजे या सात हजारांचा पाठलाग आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक प्रातिनिधिक कुटुंब गृहीत धरले आहे : दादरला भाड्याने राहणारे पती-पत्नी, त्यांची सातवीतली मुलगी आणि पतीची आई. हे कुटुंब 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीने राहते, म्हणजे अकरा महिन्यांचा करार संपला की भाडे वाढवून पुन्हा अकरा महिन्यांचा करार करते, आणि मालकाचा मुलगा लग्नाचा झाल्याची बातमी कानावर आली की आनंदाऐवजी काळजी करते. त्याच गल्लीत पागडीच्या, म्हणजे एकेकाळी एकरकमी रक्कम मोजून घेतलेल्या खोल्यांमध्ये राहणारी कुटुंबे महिन्याला इतके किरकोळ भाडे भरतात की त्या रकमेत आज वडापावही मोजकेच येतील. भाडे नियंत्रणाच्या कायद्याने जुनी भाडी गोठवल्याचा हा परिणाम असून, त्यामुळे एकाच जिन्यावर दोन वेगळ्या शतकांतल्या अर्थव्यवस्था एकमेकींना गुड मॉर्निंग म्हणत चढ-उतार करीत असतात.

शोधाचा आरंभ स्वाभाविकपणे दादरपासूनच होतो, आणि तो तेथेच संपतो असेही म्हणता येईल. दादरला चौरस फुटाचा दर चाळीस हजार रुपये धरला, आणि तो धरणाऱ्याला तेथील दलाल उदार मनाचा मानतात, तर ४५ लाखांत एकशे साडेबारा चौरस फूट जागा मिळते. गिरणगावातली चाळीची खोली दहा बाय बाराची, म्हणजे १२० चौरस फुटांची असे. याचा अर्थ असा की सरकारी व्याख्येतले परवडणारे घर दादरला घ्यायचे ठरवल्यास ते चाळीच्या खोलीपेक्षा साडेसात चौरस फुटांनी लहान भरते, आणि संडासाचा प्रश्न चाळीसारखाच मजल्याच्या टोकाला नेऊन सोडवावा लागतो. दलालाने हे सारे गणित मनातल्या मनात केले असावे, कारण बजेट विचारल्यावर "पंचेचाळीस" हे उत्तर ऐकून तो अत्यंत आदराने म्हणाला, "ठीक आहे साहेब, बुकिंगचे झाले. बाकीचे कसे करणार?"

या भागातील भूगोलाविषयी एक सूचना आवश्यक आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, आणि जाहिरातींमध्ये लोअर परळचे 'अप्पर वरळी' झाले. पुढे वडाळ्याच्या एका भागाला 'न्यू कफ परेड' म्हणण्यापर्यंत मजल गेली, जरी जुने कफ परेड जागचे हललेले नव्हते. रेल्वेने ही नावे मान्य केलेली नसल्याने, घर पाहायला निघालेल्या प्रवाशाने तिकीट मागताना जुनीच नावे सांगावीत.

दादरहून निराश झालेले कुटुंब सहसा म्हाडाकडे, म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे वळते. या संस्थेचे कार्यालय वांद्रे पूर्वेला कलानगरजवळ आहे, आणि तिची सोडत मुंबईच्या मध्यमवर्गाला एखाद्या कुळाचारासारखी वाटते : अर्ज भरणे, अनामत भरणे, यादी पाहणे, अनामत परत मिळणे. ऑगस्ट २०२३मध्ये मुंबईतल्या ४,०८२ घरांची सोडत निघाली तेव्हा एक लाखाहून अधिक अर्ज आले होते. उत्पन्नानुसार अर्जदारांचे अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च असे गट पाडले जातात, आणि वर्षाला बारा लाखांहून अधिक मिळवणारा उच्च गटात जातो. त्याच सोडतीत ताडदेवला साडेसात कोटींहून अधिक किमतीची घरेही होती. बारा लाख मिळवणाऱ्या अर्जदाराने चहासुद्धा न पिता सगळा पगार साठवला, तर ते घर त्याला सुमारे त्रेसष्ट वर्षांत घेता आले असते, आणि तोवर तो ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीस निश्चित पात्र झाला असता. आपल्या कुटुंबाची अनामत वेळेवर परत आली, हे नमूद करणे न्याय्य ठरेल.

घाटकोपर, विक्रोळी आणि मुलुंड या स्थानकांविषयी विस्ताराने लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण तेथे दर खाली येतो तो केवळ दादरच्या तुलनेत. ठाण्याला मात्र थांबावे लागते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्यापर्यंत आली होती आणि हे अंतर ३४ किलोमीटर आहे. तेव्हा ठाणे हे टोक होते, आता ते जाहिरातींच्या भाषेत 'मुंबईला लागून' आहे. येथे प्रवाशाची गाठ 'स्टेशनपासून पाच मिनिटे' या एककाशी पडते. हे एकक कालमापनाचे असले तरी त्यात वाहन कोणते, वेळ कोणती आणि मधला सिग्नल चालू की बंद याचा उल्लेख नसतो, आणि घोडबंदर रस्त्यावर तर ते पाच मिनिटे नक्की कोणत्या स्टेशनपासून, हाही प्रश्न उरतो. कुटुंबातल्या मुलीने भ्रमणध्वनीवर वेळ लावून मोजणी केली असता उत्तर अडतीस आले. तिची ही शास्त्रीय वृत्ती विक्री अधिकाऱ्याला रुचली नाही.

पारसिकच्या बोगद्यापलीकडे दर उतरू लागतो आणि आदरातिथ्य चढू लागते. डोंबिवली स्थानकाबाहेर बिल्डरची गाडी न्यायला येते, गाडीत पाण्याच्या छोट्या बाटल्या मिळतात, आणि पाहुण्यांना कल्याण-शीळ रस्त्यावरच्या माळरानावर उभारलेल्या एका वातानुकूलित मंडपात नेऊन प्रथम इमारतीची लाकडी प्रतिकृती दाखवतात, जिच्यात झाडे हिरवी आणि शेजारची झोपडपट्टी अनुपस्थित असते. त्यानंतर 'सॅम्पल फ्लॅट'. सॅम्पल फ्लॅट म्हणजे न बांधलेल्या घराचा बांधून ठेवलेला नमुना, आणि या प्रवासातील सर्वांत प्रेक्षणीय स्थळ तेच. त्याला दारे नव्हती. "आजी, दारं काढून ठेवल्यावर स्पेस मोकळी वाटते," असा खुलासा टाय लावलेल्या तरुणाने केला, त्यावर आजींनी न्हाणीघराच्या दिशेने पाहून "तिथलंही काढलंत का हो?" अशी शंका विचारली. दिवाणखान्यातला दूरचित्रवाणी संच पुठ्ठ्याचा होता. निजायच्या खोलीतल्या पलंगावर मुलगी सहज आडवी झाली तेव्हा तिच्या टाचा पलंगाच्या काठाबाहेर आल्या. ती सातवीत असली तरी अजून पाच फुटांची झालेली नाही, यावरून पलंगाची लांबी काढणे वाचकांवर सोपवले आहे. स्वयंपाकघरात सुनेने पर्समधून टेप काढून ओटा मोजला आणि त्यावर कुकर, मिक्सर आणि पोळपाट यांपैकी एका वेळी दोघांनाच राहता येईल, असा निर्णय दिला.

हा फ्लॅट 'वन पॉइंट फाइव्ह बीएचके', म्हणजे दीड बेडरूमचा होता. मुंबईच्या बाजारात अर्धी खोली ही रीतसर विकली जाणारी वस्तू असून तिच्यात कपाट किंवा माणूस यांपैकी एक ठेवता येतो. "अर्ध्यात कोण झोपणार ते आधी सांगा," असे आजींनी म्हटल्यावर मुलाने आणि सुनेने एकाच वेळी खिडकीबाहेर पाहिले. खिडकीबाहेर, नमुना असल्यामुळे, भिंतीवर चिकटवलेला समुद्र होता.

घराच्या आकाराविषयीची ही हळहळ थोडी मर्यादेत ठेवणे इष्ट आहे. मुंबईच्या लोकलमधील गर्दीचे वर्णन करण्यासाठी रेल्वेच्या परिभाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा शब्दप्रयोग रूढ आहे आणि त्याचा अर्थ एका चौरस मीटरमध्ये उभी असलेली चौदा ते सोळा माणसे. चारशे चौरस फुटांचे घर सुमारे ३७ चौरस मीटर भरते. चौघांच्या कुटुंबात माणशी नऊ चौरस मीटर आले. हेच घर लोकलच्या हिशोबाने भरले तर त्यात पाचशेहून अधिक माणसे उभी राहतील आणि त्यांतले दोघे दारात लटकतील. परवडणारे घर घेणारा गृहस्थ दिवसाचे तीन तास या दुसऱ्या मापाने राहतो, आणि वाचवलेल्या चौरस फुटांची किंमत प्रत्यक्षात तेथेच वसूल होते. किंमतपत्रकात तिचा रकाना नसतो.

कल्याणला मार्ग दुभंगतो. एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे, आणि सात हजारांचा दर या दुसऱ्या फाट्यावर, अंबरनाथ-बदलापूरच्या आसपास भेटतो. कुटुंब प्रथम बदलापूरला उतरले. तेथे उल्हास नदीकाठच्या एका प्रकल्पाचे वर्णन 'रिव्हर टच' असे केलेले होते, आणि यात तिळमात्र अतिशयोक्ती नव्हती, कारण २७ जुलै २०१९ रोजी याच परिसरात, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती आणि हजाराच्या वर प्रवाशांना नौकांतून बाहेर काढावे लागले होते. नदी स्पर्श करायला स्वतः घरापर्यंत येते ही सोय मान्य करूनही, पतीने नकाशावर बोट ठेवून "इतक्या लांब रोज येणं-जाणं जमणार नाही" असे जाहीर केले, आणि कुटुंब एक स्थानक मागे, अंबरनाथला आले.

अंबरनाथला शके ९८२चे, म्हणजे इसवी सन १०६०चे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. दलालाने त्याचा उल्लेख जलतरण तलाव आणि क्लब हाउस यांच्या जोडीने सुविधांच्या यादीत केला, तेव्हा आजींनी हात जोडले. या मंदिराचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आजवर कोणी मागितलेला नाही, आणि साडेनऊशे वर्षांनंतरही ते उभे आहे. नव्या इमारतींच्या बाबतीत मात्र हा दाखला मागावा, आणि १ मे २०१७पासून काम करणाऱ्या महारेरा या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताबा देण्याची तारीख किती वेळा पुढे गेली आहे तेही पाहावे. सॅम्पल फ्लॅटपेक्षा ते वाचन अधिक उद्बोधक ठरते.

घर ठरले. किंमत ४५ लाख, पैकी ३६ लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे. दरमहा हप्ता ३१ हजार २००च्या थोडा वर, आणि सगळे हप्ते मिळून सुमारे ७५ लाख. दादरच्या कार्यालयापासून अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. सकाळी कल्याणकडून भरून आलेल्या गाड्यांचा प्रश्न येथे नसतो, पण कर्जत आणि बदलापूरहून भरून आलेल्या गाड्यांचा असतो, आणि त्यांत अंबरनाथला बसायला जागा मिळत नाही. यावर येथील जुन्या प्रवाशांनी शोधलेल्या उपायाला 'रिटर्न मारणे' म्हणतात : मुंबईकडे जायचे असलेल्या माणसाने आधी उलट्या दिशेची गाडी पकडून मागच्या स्थानकावर जायचे, गाडी रिकामी होताच खिडकी धरायची आणि तीच गाडी सुटली की बसून परत यायचे. बदलापूर लांब पडते म्हणून अंबरनाथला घर घेतलेला हा गृहस्थ त्यामुळे रोज सकाळी प्रथम बदलापूरला जातो. ज्यांचा व्यवहार अद्याप व्हायचा आहे अशा वाचकांनी घर रविवारी दुपारी बिल्डरच्या गाडीतून पाहू नये, सोमवारी सकाळी आठ वाजता फलाटावर उभे राहून पाहावे. आणि घर अंबरनाथला घेतले, तरी पास बदलापूरपर्यंतचा काढावा.