मुनीमकाकांचे शेरे

सेलूच्या मोंढ्यात एका अडत दुकानात मुनीमकाका बसतात. हिशोबाच्या वहीखाली एक कादंबरी कायम दबलेली, आणि तिच्यात खूण म्हणून कुणातरी शेतकऱ्याच्या सोयाबीनची पट्टी. पट्टी सापडेना झाली की हमाल सरळ विचारतात, "काका, खून कुठवर आलाय?"

काकांचं वाचन रहस्यकथा, भयकथा आणि प्रेमकथा एवढ्यातच. १९९५ साली परभणीला नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं, तेव्हा काका बाबुराव अर्नाळकर शोधत पुस्तकांच्या गाळ्यांमधून फिरले होते म्हणे. "हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्या माणसानं. झुंजार लिहिला, काळा पहाड लिहिला. अध्यक्ष कामून केलं नाही?" हा त्यांचा सवाल तेव्हापासून मोंढ्यात पडून आहे. पुढे २०२१च्या नाशिकच्या संमेलनाला जयंत नारळीकर अध्यक्ष झाले आणि काकांनी अख्ख्या हॉटेलाला चहा पाजला. "विज्ञानकथा शिरली मधी. आता खुनाचा नंबर."

त्यांच्या वाचनाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. चैत्र-वैशाखात नारायण धारप. बाहेर पारा चव्वेचाळीसवर गेलेला असताना ज्या कादंबरीनं अंगावर काटा येत नाही, ती काकांच्या लेखी बाद. धारपांच्या 'लुचाई'चं मूळ स्टीफन किंगच्या इंग्रजी कादंबरीत आहे, हे एका प्राध्यापकांनी त्यांना जरा खोचकपणे ऐकवलं. काका म्हणाले, "मग? अमेरिकेतलं भूत इतकं चांगलं मराठी बोलायलंय, ती मेहनत कुणाची?" हिवाळ्यात मात्र भयकथा बंद. परभणीच्या कृषी विद्यापीठातला पाऱ्याचा आकडा पेपरात आला की काका धारप परत करून येतात. "दोन दोन ठिकाणून थंडी कामून घ्यायची?"

पावसाळ्यात चंद्रकांत काकोडकर. 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' निघाला यावर त्यांचं मत एवढंच, की राजेश खन्नाला चांगलं काम मिळालं. सुगीत आवक वाढली की अर्नाळकर नाहीतर गुरुनाथ नाईक. दोन सौद्यांच्या मधे एक प्रकरण बसतं. सुहास शिरवळकरांना ठरावीक ऋतू नाही. सिनेमा आल्यावर 'दुनियादारी' मागायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ते वाचनालयाच्या दारातच अडवत. "फिरोज इराणी वाचला नाही, आन म्हणे सुशि आवडतो."

कादंबरीची प्रत ते रेल्वेच्या मापानं ठरवतात. हातातलं पुस्तक खाली न ठेवता सेलूहून कुठवर जाता येईल, एवढाच प्रश्न. मानवत रोडपर्यंतची म्हणजे टाकाऊ. जालन्यापर्यंतची बरी. मनमाडपर्यंतची घरी न्यावी. मुंबईपर्यंतची हा मान वर्षात एखादीलाच. मधेच रखडली तर "पूर्णेला उभी राहिली". परभणी जिल्ह्यात याहून वाईट काही म्हणता येत नाही.

मानवतच्या खून खटल्याला मात्र हे माप ते लावू देत नाहीत. १९७२ ते ७४च्या त्या खुनांचा तपास रमाकांत कुलकर्ण्यांनी कसा केला, हे काकांना तोंडपाठ असणार. पण वेबमालिका आली तेव्हा एका पोरानं "काका, ही तर मुंबईपर्यंतची!" म्हटल्यावर काका फाडकन म्हणाले, "लेकरं मेलीत रे त्यात," आणि वही उघडून बसले.

तर हे सगळे शेरे काका वाचनालयाच्या पुस्तकातच, पहिल्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीनं लिहितात. "जालना. खुनी ड्रायव्हर. पान ४०लाच कळतं." पुढच्या वाचकाचा जीव जातो, पण पुस्तक नेताना आधी ते पान उघडत नाही असा माणूस सेलूत मिळणार नाही. ग्रंथपालांनी आत चिठ्ठी चिकटवली, 'पुस्तकात लिहू नये.' काकांनी तिच्याखाली लिहिलं, "सहमत."

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला या शेऱ्यांखाली निळ्या शाईत उत्तरं यायला लागली. "ड्रायव्हर नव्हे. शेवट वाचलेला दिसत नाही." मग, "काका, ही मनमाडची आहे. तुम्ही परतूरला झोपलात." काकांची जेवणावरची वासना उडाली. वाचलेलीच पुस्तकं ते पुन्हा न्यायला लागले, फक्त पहिलं पान बघायला. पट्ट्यांवरच्या सह्या भिंगातून तपासल्या. निळी शाई कोण वापरतं याची चौकशी झाली. निम्मं सेलू वापरतं असं निघालं. चाळिसाव्या पानाला खुनी धरणाऱ्या माणसाला दिवाळी आली तरी एक पेनवाला सापडेना.

शेवटी त्यांनी निकाल लावला. भर हॉटेलात, भजी खात बसलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, तुमचा 'झ' बदलायचा राहिला." सरांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. त्यांनी आयुष्यात एकही रहस्यकथा वाचलेली नव्हती, आणि तसं सांगताना त्यांना झालेला आनंद काकांना जास्त लागला.

चार दिवसांनी काकांनी वाचनालयातून एक जुना गुरुनाथ नाईक आणला. पहिलं पान कोरं. काका खूश होऊन वाचायला बसले. चाळिसाव्या पानाच्या तळाशी निळ्या शाईत होतं, "सर नाहीत. पुढे वाचा."

काकांनी पुस्तक मिटलं, पट्टी उलटी केली आणि त्या दिवशी हॉटेलात कोण कोण होतं याची यादी करायला घेतली. पहिलं नाव माझं होतं.